गुंतवणुकीचा फ्लॅट घेताना सोबत कोण हवं, आणि कुणाला कधी बोलवायचं

समजा पुण्यात 72 लाखांचा रीसेल फ्लॅट भाड्याने द्यायला घ्यायचा आहे. या एका व्यवहाराभोवती सहा-सात माणसं जमा होतात: एजंट, कर्ज करून देणारा डीएसए, बँकेचा वकील, बँकेचा व्हॅल्युअर, दस्त नोंदवून देणारा, सीए. क्वचित कुणी आपला स्वतःचा वकील आणतो, त्याहून क्वचित इंजिनिअर. यातल्या बऱ्याच जणांची कमाई दस्त नोंदला गेला तरच होते. एजंटची दलाली नोंदणीच्या दिवशी सुटते. डीएसएला कमिशन बँक देते, तेही कर्जाचा चेक निघाल्यावर. ही माणसं लबाड असतात असं अजिबात नाही. पण ‘हा फ्लॅट सोडून द्या’ हे वाक्य त्यांना परवडत नाही.

म्हणून टीम जमवताना अनुभव, ओळख, ऑफिस कुठे आहे हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारा: व्यवहार फिसकटला तरी या माणसाची फी त्याला मिळणार आहे का? ज्याला मिळणार आहे तोच तुम्हाला निर्धास्तपणे ‘नको’ म्हणू शकतो. अशी किमान तीन माणसं हवीत: वकील, इंजिनिअर आणि सीए. तिघांची फी ठरावीक रकमेत बोला, किमतीच्या टक्केवारीत नको. बाकीची माणसं व्यवहार पुढे रेटायला लागतातच, पण ब्रेक या तिघांच्या पायाखाली असावा.

वकील: नेमकं काय करून घ्यायचं

‘पेपर्स बघून घ्या’ असं सांगितलं की वकील पेपर्स बघतो, आणि तुम्ही दिले तेवढेच बघतो. काम स्पष्ट सांगावं लागतं: गेल्या 30 वर्षांचा सर्च, मालकीची साखळी तपासून लेखी टायटल रिपोर्ट, जाहीर नोटीस, आणि कराराचा मसुदा.

सर्च म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या इंडेक्स 2 च्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीच्या, नोंदी वर्षावर्षाने तपासणं. अलीकडच्या वर्षांच्या नोंदी ऑनलाइन दिसतात, जुन्यासाठी कार्यालयातली पुस्तकं चाळावी लागतात. सर्च रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान आधी न वाचता मधला वर्षवार तक्ता वाचा. बहुतेक ओळींपुढे ‘निरंक’ असतं. मधेच कुठे ‘पाने फाटलेली’ किंवा ‘पुस्तक बाइंडिंगला’ असा शेरा दिसला, तर त्या वर्षाचा सर्च झालेलाच नाही असं समजायचं. अशी वर्षं दोन-तीन असतील तर चालून जातं. पण नेमकं ज्या वर्षी फ्लॅट एकाकडून दुसऱ्याकडे गेला तेच वर्ष फाटलेलं असेल, तर वकिलाने मूळ दस्त डोळ्यांनी पाहायलाच हवा. सर्चचं सरकारी शुल्क चलनाने भरलं जातं; त्या चलनाची प्रत रिपोर्टला जोडलेली नसेल तर मागा. चलन न जोडलेला रिपोर्ट कधी कधी फक्त ऑनलाइन पाहून टाइप केलेला असतो.

सर्चमध्ये सगळं सापडत नाही, हे मात्र लक्षात ठेवलेलं बरं. न नोंदवलेला व्यवहार, घरातला वाद, सोसायटीची थकबाकी, चालू खटला या गोष्टी इंडेक्समध्ये दिसतीलच असं नाही. खटल्यासाठी विकणाऱ्याच्या नावाने न्यायालयांच्या ई-कोर्ट्स साइटवर वेगळा शोध घ्यावा लागतो. वारसांसाठी जाहीर नोटीस असते: एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक, हरकतीसाठी साधारण 14 किंवा 15 दिवस. नोटीस द्यायला विकणारा कां-कू करत असेल तर कारण विचारा. ‘शेजारीपाजारी बोलतात’ हे उत्तर खरंही असू शकतं, पण भावाला कळू द्यायचं नसतं असंही असू शकतं.

सर्वांत जास्त फसगत होते ती नॉमिनीच्या बाबतीत. वडील गेले, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव चढलं, आता तो विकतोय. कागद अगदी नीट दिसतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तर तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तुम्ही पूर्ण पैसे मोजून एका वारसाचा हिस्सा घेताय. हक्कसोडपत्राऐवजी ‘ना हरकत’ असं साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदावर लिहून दिलेलं असेल तरी काम भागत नाही.

साखळीतला प्रत्येक करार मूळ स्वरूपात हवा, बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेल्या करारापासून. मधला एखादा हरवला असेल तर पोलिसांतली तक्रार, जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रत या तिन्ही गोष्टी. मूळ करार ‘सापडत नाही’ याचा अर्थ कधी कधी तो कुठल्या तरी पतसंस्थेच्या तिजोरीत आहे असा असतो.

आणि एजंट ‘ही बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार’ म्हणत असेल, तर वकिलाला सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढायला सांगा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या? अजून त्यांच्याच नावावर असेल तर आधी अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, आणि बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण. ‘जाणार’ आणि ‘गेली’ यांच्यात वर्षं जातात.

‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल क्लिअर’

हे वाक्य प्रत्येक व्यवहारात कुणी ना कुणी म्हणतंच. बँकेचा वकील बँकेसाठी तपासतो: कर्ज बुडालं तर ही मालमत्ता विकून पैसे निघतील का, एवढाच त्याचा प्रश्न. त्यात तुमचे 20-25 टक्के आधी जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. उरलेली उशी तुमच्या खिशातली असते. शिवाय त्या वकिलाचा रिपोर्ट बहुतेक बँका तुम्हाला दाखवतही नाहीत. व्हॅल्युअरचंही तसंच. तो बऱ्याचदा सावधपणे कमी किंमत लावतो, आणि मग कर्ज कमी बसतं. हे टोकन देऊन झाल्यावर कळलं तर फरक उभा करायला धावपळ होते.

इंजिनिअर, जो कुणीच नेत नाही

दहा वर्षांच्या आतली इमारत असेल तर साधी पाहणी पुरते. त्याहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक तास घेऊन जा. तो फ्लॅटमध्ये फार वेळ काढणार नाही; पार्किंगमधले खांब, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, गच्ची आणि खालच्या मजल्यावरच्या बाथरूमचं छत पाहील. खांबाच्या कोपऱ्याला उभी चीर आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसला तर आतली सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगतं आणि सुटतं. नुसतं प्लास्टर केलं की वर्षभर छान दिसतं. नव्या रंगाचे एकटेदुकटे पॅच म्हणूनच संशयास्पद.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. सोसायटीकडे शेवटचा रिपोर्ट मागा. त्यात रिबाउंड हॅमर म्हणजे काँक्रीटचा वरचा टणकपणा, अल्ट्रासोनिक म्हणजे आतल्या पोकळ्या आणि भेगा, हाफ-सेल म्हणजे सळई गंजण्याची शक्यता. कार्बोनेशनची चाचणी बघायला सोपी असते: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन मारलं की चांगला भाग गुलाबी होतो, आणि जिथे रंग येत नाही तिथवर सळईचं नैसर्गिक संरक्षण संपलेलं असतं. रंग न आलेला पट्टा सळईपर्यंत पोहोचला आहे का, हे इंजिनिअरला विचारा. मुंबईत रिपोर्टवर सी-1 असा शेरा असेल तर इमारत धोकादायक, रिकामी करून पाडण्याच्या वर्गातली आहे.

गुंतवणूकदारासाठी यातला खरा आकडा दुरुस्तीचा वाटा. सोसायटीच्या गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. त्यात मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला असतो, वर्गणी अजून निघालेली नसते, आणि नेमक्या त्याच वेळी फ्लॅट विक्रीला आलेला असतो. वर्गणी कुणी भरायची हे करारात लिहा.

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रही इंजिनिअरसमोर उघडा. गॅलरी आत घेतलेली, टेरेसवर खोली चढवलेली, दोन फ्लॅट फोडून एक केलेला, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. वकिलाला कागदावरून दिसत नाही. कार्पेट एरिया टेपने मोजून घ्या.

सीए: करार लिहिण्याआधी

सीएला मार्चमध्ये आठवायची सवय इथे महागात पडते. समजा तो 72 लाखांचा फ्लॅट, आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्याप्रमाणे, मूल्य निघालं 81 लाख. स्वस्तात मिळाला म्हणून तुम्ही खूश. आता हिशोब बघा. मुद्रांक शुल्क मोठ्या रकमेवर, म्हणजे 81 लाखांवर. पुण्यात 7 टक्क्यांनी 5,67,000 रुपये. नोंदणी फी 30,000. इथवर ठीक. पण सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असलं, की संपूर्ण फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. 72 लाखांचे 10 टक्के 7.2 लाख, फरक 9 लाख. त्यामुळे 9 लाख तुमच्या उत्पन्नात मिळवले जातात आणि 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकरासह 2,80,800 रुपये कर बसतो. न मिळालेल्या पैशांवर. विकणाऱ्यालाही भांडवली नफा 81 लाख धरून मोजावा लागतो. मूल्य खरंच चुकीचं वाटत असेल तर दस्त नोंदण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्कासाठीचं मूल्य अधिकृतपणे ठरवून घेण्याचा, अर्ज करता येतो. आणि नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट खरा कामाला येतो तो इथे.

50 लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापायचा असतो, तोही करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर. वरच्या उदाहरणात 81,000 रुपये. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून 30 दिवसांत भरायचा. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या माथी, विकणाऱ्याच्या नाही. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दर बराच जास्त असतो, आणि त्याने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर कपात नफ्यावर न होता पूर्ण किमतीवर करावी लागते. विकणारा मुलगा अमेरिकेत, कागदावर पत्ता सदाशिव पेठेतला, असे व्यवहार पुण्यात ढिगाने होतात. पत्त्यावर जाऊ नका, तो निवासी आहे का हे लेखी घ्या.

आता एक उदाहरण, जिथे एजंटचा आणि सीएचा सल्ला एकमेकांना छेद देतात. एजंट सांगतो, बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. बरोबर आहे, निवासी घर फक्त महिलांच्या नावे असेल तर महाराष्ट्रात ती मिळते, आणि इथे तिचे 81,000 रुपये वाचतात. पण पैसे नवऱ्याने दिले असतील तर त्या फ्लॅटचं भाडं, आणि पुढे विकल्यावरचा नफासुद्धा, नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजला जातो. म्हणजे भाड्यावरचा कर वाचेल या आशेने नाव बदलायचं असेल तर तो वाचत नाही. सूट हवी म्हणून घ्या, पण ती कशाची आहे हे कळून घ्या.

रोखीचा विषय निघाला तर तिथेच थांबवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर ती स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड बसू शकतो. आणि दस्तात न दाखवलेली ती रोख रक्कम देणाऱ्याला पुढे विकताना खरेदी किमतीत दाखवता येत नाही, म्हणजे त्याचा नफा फुगतो.

एजंट

वर एवढं वाचून एजंट टाळावा असं वाटेल, तसं नाही. चांगला एजंट त्या दोन गल्ल्यांतले गेल्या सहा महिन्यांचे खरे सौदे सांगतो, कुठल्या सोसायटीत बॅचलर भाडेकरू चालत नाहीत हे सांगतो. हे दुसऱ्या कुणाकडून कळत नाही. त्याने सांगितलेले भाव खरे आहेत का हे आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, साइटवर त्याच इमारतीतले अलीकडचे दस्त उघडून पाहता येतं.

नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी सक्तीची आहे, आणि परीक्षा देऊन मिळवलेलं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ती सक्ती पोहोचत नाही, म्हणून तिथे बिननोंदणीचे एजंट दिसतात. नोंदणी असलेला निवडा. तक्रार करायला दार तरी असतं. दलाली साधारण 1 ते 2 टक्के, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. दोघांकडून घेणार असेल तर तसं आधी सांगायला लावा, आणि देणं नोंदणीच्या दिवशी ठेवा. जीएसटी धरून की वगळून, हेही तेव्हाच.

कुणाला कधी

टोकन देण्याआधी सीएशी अर्धा तास बोलणं आणि बँकेकडून पात्रतेचं पत्र. फ्लॅट पसंत पडला की त्याच आठवड्यात इंजिनिअर. कारण त्याची फी वकिलापेक्षा सहसा कमी आणि उत्तर लगेच मिळतं. इमारतच नापसंत ठरली तर सर्चचा खर्च वाचतो. मग टोकन, पण पावतीवर ही अट लिहून: ‘वकिलांच्या तपासणीत मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास, अथवा मालमत्तेच्या कागदपत्रांच्या कारणावरून बँकेने कर्ज नाकारल्यास, टोकनची संपूर्ण रक्कम 7 दिवसांत विनाकपात परत केली जाईल.’ या ओळीला एजंट सहसा विरोध करतो, विकणारा फारसा करत नाही.

त्यानंतर सर्च आणि नोटीस, तीन आठवडे धरा. मसुदा वकिलाकडून सीएकडे एकदा जाऊ द्या. रकमांचं वेळापत्रक आणि टीडीएस त्याने पाहिलेलं असावं. मग मुद्रांक भरून सही. दस्तावर सही झाल्यापासून 4 महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे, त्यापुढे 4 महिने दंडासह मिळतात, पण तिथवर जाऊ नये.

फ्लॅट नवा, बिल्डरकडून असेल तर क्रम थोडा बदलतो. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नकाशा, टायटल रिपोर्ट आणि खटले उघडून वकिलाला दाखवा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरने किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणं रेरा कायद्यात बसत नाही, मग ‘बुकिंग स्कीम’ काहीही असो.

जमीन असेल तर टीम वेगळी

इथे इंजिनिअरची जागा मोजणीला. सातबारावर 20 आर आहे आणि जागेवर 17 भरतात, असं सर्रास होतं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, लगतच्या खातेदारांना नोटिसा, आणि हातात ‘क’ प्रत आल्यावरच पुढचे पैसे. खासगी सर्व्हेअर अंदाजासाठी ठीक, पण हद्दीच्या वादात त्याचा नकाशा टिकत नाही. मोजणीचा अर्ज खातेदाराला करावा लागतो, त्यामुळे ही अट विकणाऱ्याशी बोलतानाच घाला.

वकीलही महसुली कामाचा हवा; शहरातला फ्लॅटचा वकील इथे अडखळतो. फेरफार मागे मागे वाचत जाणं, ‘इतर हक्क’ रकान्यातलं कुळ किंवा बोजा, जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि रस्ता. नकाशावर नसलेला रस्ता हा शेजाऱ्याच्या मर्जीवरचा रस्ता. शेतजमीन महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्यालाच घेता येते, हे माहीत असूनही लोक सामाईक सातबाऱ्यावर ‘गुंठ्याचा प्लॉट’ घेतात आणि हातात राहतो तो एकूण गटातला अविभक्त हिस्सा. कुठला कोपरा तुमचा, हे कुठल्याच कागदावर नसतं.

परदेशात राहून घेणाऱ्यांसाठी

दुबई किंवा न्यू जर्सीतून व्यवहार करायचा तर टीममध्ये आणखी एक माणूस येतो: कुलमुखत्यार. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं किंवा अपोस्टिल असलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक भरावं लागतं. हे राहून जातं आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर दस्त अडतो. मुखत्यारपत्रात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, करारावर सही, नोंदणीसाठी हजर राहणं आणि ताबा घेणं एवढेच अधिकार द्या. विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा अधिकार त्यात घालू नका. एजंटने पाठवलेल्या छापील नमुन्यात तो बहुतेक वेळा असतोच, म्हणून सही करण्याआधी ती ओळ शोधून खोडून टाका. आणि मुखत्यार म्हणून एजंटला नेमू नका, त्याच्या भावालाही नाही.